कोकमाच्या रंगावरचे सौरघट आणि न पेटलेला दिवा: फोंडा तालुक्यातील एक प्रकरण

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी रंगसंवेदित सौरघट बनवायला घेतले. काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर द्यायचा, त्या थरात एखादे रंगद्रव्य मुरवायचे आणि त्या रंगाने शोषलेल्या प्रकाशातून वीज मिळवायची, असे या घटाचे थोडक्यात स्वरूप. रंगासाठी त्यांनी कोकम निवडले, कारण गटातील एका विद्यार्थिनीच्या सत्तरी तालुक्यातील कुळागरात (सुपारीच्या बागेत) भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, भरपूर लागतात आणि एप्रिल-मे हाच त्यांचा हंगाम. पाच घट एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडून गच्चीवर उन्हात धरले तेव्हा मल्टिमीटरने दोन व्होल्ट दाखवले आणि नोंदवहीत ‘प्रयोग यशस्वी’ असा शेरा पडला. पुढे चवथीच्या सुट्टीआधी भरलेल्या विज्ञान प्रदर्शनात तेच पाच घट हॅलोजन दिव्यासमोर मांडून त्यांना एक लाल एलईडी जोडला, तो मात्र काही केल्या पेटला नाही. नैसर्गिक रंग टिकत नाहीत, कोकम फिके पडले असणार, असे निदान एका परीक्षकांनी उभ्या उभ्या केले, आणि गटानेही ते खाली मान घालून मान्य केले.

विभागाने त्यानंतर घटांची रीतसर तपासणी करायचे ठरवले. रसायनशास्त्राच्या मार्गदर्शक शिक्षिका आणि भौतिकशास्त्राच्या बाजूने प्रस्तुत लेखक यांनी विद्यार्थ्यांसह ती केली. तिच्यातून जे दिसले त्यात रंगाचा दोष सर्वांत लहान निघाला. ज्या सच्छिद्रतेच्या जोरावर हा घट चालतो, त्याच सच्छिद्रतेने रंगाबरोबर आणखी बरेच काही आत घेतले होते, आणि नेमके काय आत गेले आहे हे पाहण्याची सोय मोजमापाच्या पद्धतीतच नव्हती.

घटाची रचना आधी सांगायला हवी. टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगाच्या डब्यात आणि टूथपेस्टमध्ये असणारे साधे, स्वस्त संयुग आहे. ते अर्धवाहक आहे, पण त्याच्या ॲनाटेज रूपाचा ऊर्जापट्ट्यांमधील फरक सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे ते फक्त अतिनील प्रकाश शोषते, आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग फार थोडा असतो. दृश्य प्रकाश पकडण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर रंगाचे रेणू चिकटवतात. प्रकाश शोषताच रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला देतो. तो कणाकणांतून वाट काढत वाहक काचेपर्यंत पोहोचतो आणि बाहेरच्या मंडलातून फिरून दुसऱ्या काचेवर येतो. इलेक्ट्रॉन गमावलेल्या रंगाला तो परत मिळतो तो दोन काचांमधल्या आयोडाइड-ट्रायआयोडाइडच्या द्रावणाकडून, आणि त्या द्रावणाची भरपाई दुसऱ्या काचेवरचा प्लॅटिनमचा किंवा काजळीचा थर करतो. म्हणजे प्रकाश शोषण्याचे काम एकाकडे आणि वीज वाहून नेण्याचे काम दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे. सिलिकॉनच्या घटात दोन्ही कामे एकच पदार्थ करतो.

अर्धवाहकाला रंग चढवून दृश्य प्रकाशाला संवेदनशील करण्याची कल्पना जुनी आहे. हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये छायाचित्रणाच्या काचांवर ती प्रथम दाखवली. अडचण अशी होती, की सपाट पृष्ठभागावर रंगाचा एकपदरी थर बसवला तर तो पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम एखादा टक्का शोषतो, आणि थर जाड केला तर वरच्या रेणूंचा इलेक्ट्रॉन खाली पोहोचत नाही. ब्रायन ओ’रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या कामात ही कोंडी फुटली. त्यांनी सपाट पृष्ठभाग सोडून सुमारे १० मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र थर घेतला आणि रुथेनियमच्या रंगासह ७ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळवली.

सच्छिद्र थराने नेमके काय साधते, याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेतला. प्रयोगशाळांत पी-२५ या नावाने मिळणाऱ्या पावडरीचे कण सरासरी २१ नॅनोमीटरचे असून तिच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे ५० चौरस मीटर असते. १० मायक्रोमीटर जाडीच्या थरात निम्मी जागा पोकळ धरली, तर एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे दोन मिलिग्रॅम पदार्थ बसतो, आणि त्याचे पृष्ठफळ जवळजवळ एक हजार चौरस सेंटिमीटर भरते. भट्टीत भाजताना कण एकमेकांना जुळतात आणि त्यातले काही कमी होते, तरी नखाएवढ्या ठिपक्यात लहान हातरुमालाएवढा पृष्ठभाग दडलेला असतो. प्रकाश अशा शेकडो पदरांतून जातो, आणि प्रत्येक पदरावरचा रेणू मात्र टायटॅनियम डायऑक्साइडला थेट चिकटलेला राहतो. हा हिशेब येथे मुद्दाम विस्ताराने दिला आहे, कारण हा रुमाल कोणत्याही रेणूसाठी तितकाच मोकळा पसरलेला आहे, आणि प्रकरणाची किल्ली तेथेच आहे.

तपासणीची सुरुवात मात्र मल्टिमीटरपासून करावी लागली. गटातल्या एकाने पहिल्याच बैठकीत विचारले, “सर, मेमध्ये दोन व्होल्ट होते, आजही पावणेदोन आहेत. मग दिवा का नको पेटायला?” प्रश्न रास्त होता. मल्टिमीटरचा व्होल्टेज मोजतानाचा अंतर्गत रोध साधारणतः १० मेगाओम असतो. दोन व्होल्ट दाखवताना तो घटांकडून एका मायक्रोअँपिअरचा पाचवा हिस्सा एवढाच प्रवाह मागतो. इतका प्रवाह मरायला टेकलेला घटही देऊ शकतो. शिवाय उघड्या मंडलातले, म्हणजे घटाला काहीही न जोडता मोजलेले, व्होल्टेज प्रवाहाच्या लॉगॅरिदमप्रमाणे बदलते. प्रवाह दहापट घटला तरी आदर्श स्थितीत प्रत्येक घटाचे व्होल्टेज ६० मिलिव्होल्टच्या आसपास, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिक, एवढेच उतरते. पाच घटांत मिळून पाव व्होल्टची, म्हणजे घटामागे ५० मिलिव्होल्टची उतार वरकरणी किरकोळ वाटते. तिचा अर्थ असा, की प्रवाह पाचव्या-सातव्या हिश्श्यावर आला असावा. लाल एलईडीला १.६ ते १.८ व्होल्ट हवे असतात आणि तेही प्रवाह वाहत असताना. भाराखाली आमच्या घटांचे व्होल्टेज त्याच्या बरेच खाली बसत होते. मेमध्ये एलईडी जोडून पाहिलाच नव्हता, ही गोष्ट या वेळी नोंदवहीवरून लक्षात आली.

दोन मोजमापे दोन वेगळ्या प्रकाशांत झाली होती, हाही भाग होता. हॅलोजन दिव्याचा बहुतेक प्रकाश अवरक्त असतो आणि दृश्य भागातही तांबड्याकडे झुकलेला असतो, तर कोकमाचा रंग मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतो. प्रेक्षकांच्या डोळ्यांना लख्ख दिसणारा तो दिवा घटाच्या दृष्टीने मंद होता, आणि घट तापवत होता ते वेगळेच. म्हणून पावसाने उघडीप दिली त्या दुपारी घट पुन्हा गच्चीवर नेऊन लघुमंडल प्रवाह (घटाची दोन्ही टोके थेट जोडली असताना वाहणारा प्रवाह) एकेका घटाचा स्वतंत्र मोजला. चार घटांचा प्रवाह मेमध्ये अपेक्षित असायला हवा होता त्याच्या पुष्कळ खाली होता, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या घटाचा तर जवळजवळ शून्य. एकसर जोडणीत सर्वांत दुबळा घट सगळ्यांचा प्रवाह ठरवतो. त्यामुळे एलईडी न पेटण्याचे तात्कालिक कारण हा तिसरा घट होता, आणि बाकीचे चार दुबळे का पडले हा वेगळा, अधिक कठीण प्रश्न होता.

‘अपेक्षित’ म्हणजे किती, हे ठरवायला एक जुना आधार उपलब्ध आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात ग्रेट्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॅकबेरीच्या अँथोसायनिनवर (फळाफुलांना लाल-जांभळा रंग देणाऱ्या द्रव्यावर) असा घट बनवला होता. पूर्ण उन्हात चौरस सेंटिमीटरला १.५ ते २.२ मिलिअँपिअर, ०.४ ते ०.५ व्होल्ट आणि ०.५६ टक्के कार्यक्षमता, असे त्यांचे आकडे आहेत. ब्लॅकबेरीप्रमाणेच कोकमाचा लाल रंगही सायनिडिन कुळातल्या अँथोसायनिनचा आहे. सायनिडिनच्या एका कड्यावर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात, आणि या जोडीनेच तो टायटॅनियमच्या अणूला घट्ट धरतो. हे धरणे डोळ्यांना दिसते. ताज्या कोकमाच्या लालभडक अर्कात पांढरी काचपट्टी बुडवली, की थर लाल होत नाही, जांभळट होतो, आणि पाण्याने धुतला तरी तो जांभळटपणा जात नाही. रंग नुसता शोषला गेला असेल तर धुताना उतरतो. जांभळट छटा म्हणजे रासायनिक बंध जुळल्याची खूण. ब्लॅकबेरीशी तुलना करता कोकमाकडून चौरस सेंटिमीटरला एखाद्या मिलिअँपिअरची अपेक्षा धरणे अवाजवी नव्हते. आमचे घट उन्हातही त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते.

येथे स्वयंपाकघराचा संबंध आला. मार्गदर्शक शिक्षिकांनी अर्काची कृती पुन्हा विचारली, तेव्हा कळले, की पहिल्या दोन घटांसाठी ताज्या फळांची साल वापरली होती आणि हंगाम सरत आल्यावर उरलेल्या तीन घटांसाठी घरून आणलेले आगळ वापरले होते. आगळ म्हणजे सोलकढीसाठी वर्षभर पुरवून ठेवायचा कोकमाचा घट्ट रस, आणि तो टिकतो मिठामुळे. तिसरा घट उघडून त्याची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. थराच्या कडेला, जेथे बुडवलेली पट्टी उभी ठेवून वाळवताना द्रव गोळा झाला होता तेथे, काटकोनी कडांचे लहान लहान पारदर्शक चौकोन ओळीने बसलेले दिसले. ते मीठ होते. पट्टी पाण्याच्या थेंबात धरताच चौकोन विरघळले. थराच्या पृष्ठभागावर एक चकचकीत, काहीसा चिकट पापुद्रा होता, तो बहुधा साखरेचा. रसातली साखर आणि मीठ छिद्रांच्या तोंडाशी वाळले, की इलेक्ट्रोलाइट, म्हणजे काचांमधले आयोडाइडचे द्रावण, आत शिरू शकत नाही. आतल्या रंगाचा रेणू एकदा इलेक्ट्रॉन देऊन बसला, की त्याला तो परत देणारे कोणी उरत नाही, आणि तो भाग रंगीत दिसूनही निकामी होतो. आगळाचे तिन्ही घट रंगाने सर्वांत गडद होते आणि प्रवाहाने सर्वांत कमी, हे कोडे त्यामुळे सुटले. गडद रंग पाहून खूश होण्याची सवय या क्षेत्रात फार महागात पडते.

मग ताज्या सालीचे दोन घट तरी चांगले का नव्हते? त्यांत मीठ नव्हते, पण कोकमाचा स्वतःचा आंबटपणा होता. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असते. वजन कमी करण्याच्या गोळ्यांमुळे ते जगभर प्रसिद्धीला आले ते हेच. त्याच्या प्रत्येक रेणूवर तीन कार्बोक्सिल गट आहेत, आणि कार्बोक्सिल गट टायटॅनियम डायऑक्साइडला चिकटण्यात तरबेज आहे. रुथेनियमचे प्रयोगशाळेत बनवलेले रंगही याच गटाच्या आधाराने थराला धरून राहतात. म्हणजे कोकमाच्या अर्कात पट्टी बुडवली, की रंगाचा मोठा, सावकाश आत सरकणारा रेणू आणि आम्लाचा लहान, चपळ आणि संख्येने कितीतरी अधिक असलेला रेणू एकाच जागेसाठी धावतात. आम्ल आधी पोहोचते आणि जागा अडवते. दुसरीकडे हेच आम्ल अर्काला लाल ठेवते, कारण आम्लता उतरली की अँथोसायनिन निळसर आणि अस्थिर होते. कोकमाचा रंग आंब्याच्या दिवसांत भरणीत इतका टिकाऊ का दिसतो आणि काचेवर इतका थोडा का चढतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी एकाच आम्लात आहे.

हा तर्क तपासायला फार साहित्य लागले नाही. एकाच वेळी भट्टीतून काढलेल्या दोन कोऱ्या पट्ट्या घेतल्या. एक आधी सायट्रिक आम्लाच्या द्रावणात ठेवून, धुऊन, मग अर्कात बुडवली आणि दुसरी थेट अर्कात. पहिली फिकट गुलाबीसर राहिली, दुसरी जांभळट झाली. मग अर्क पातळ करून आम्लाचे प्रमाण उतरवले आणि आम्लता राखण्यासाठी अगदी थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, कारण क्लोराइड आयन टायटॅनियमला तसा घट्ट धरत नाही. त्या अर्कातली पट्टी रंगायला अधिक वेळ लागला, पण रंग अधिक गडद चढला आणि धुतल्यावर टिकला. इंटरनेटवरच्या अनेक कृतींत फळाचा रस काढताना सायट्रिक आम्ल घाला असे सांगितलेले असते. रस लाल दिसावा म्हणून ते ठीक आहे. थरासाठी ते घातक आहे.

पृष्ठभागावर आम्ल बसणे नेहमीच वाईट असते, असे मात्र यावरून समजू नये. नामांकित प्रयोगशाळा मुद्दाम काही आम्ले रंगाच्या जोडीला बसवतात. पित्तात सापडणाऱ्या आम्लांच्या कुळातील कीनोडीऑक्सिकोलिक आम्ल रंगाचे रेणू एकमेकांवर चढून गोळा होऊ नयेत म्हणून वापरतात. २०२२ मध्ये ग्रेट्झेल यांच्या स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गटाने रंग बसवण्याआधी पृष्ठभागावर हायड्रॉक्सॅमिक आम्लाचा एक पदर दिला, त्यामुळे रंगाचे रेणू अधिक नीट मांडले गेले, आणि पूर्ण उन्हात १५.२ टक्के कार्यक्षमता मिळाली. फरक निवडीचा आहे. तेथे कोणता रेणू किती बसवायचा हे माणसाने ठरवले होते, येथे ते कोकमाने ठरवले.

आता तिसरा घट जवळजवळ पूर्ण मेला आणि बाकीचेही मेपेक्षा उतरले, याचे कारण. विद्यार्थ्यांनी दोन काचा बाइंडर क्लिपांनी दाबून कडेला गोंदाचा हात फिरवला होता. आत पोटॅशियम आयोडाइड आणि आयोडीन यांचे इथिलीन ग्लायकॉलमधील द्रावण होते. ग्लायकॉल सहजासहजी उडून जात नाही म्हणून शाळा-कॉलेजांत त्याला पसंती असते, परंतु ते हवेतले पाणी ओढून घेते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, पुस्तकांना बुरशी येते, तेव्हा अशा सांध्याने काय अडवावे? पाणी आत आणि आयोडीन बाहेर, अशी देवाणघेवाण महिनोन्महिने चालू होती. तिसऱ्या घटाच्या एका कडेला तांब्याची पट्टी सांध्याला चिकटून लावली होती. आयोडीन तांब्याला आणि चांदीला खाते. ती पट्टी काळवंडली होती, आणि तिच्या लगतचा द्रव पिवळट-तपकिरीवरून जवळजवळ पाण्यासारखा झाला होता.

रंग मेला की द्रव मेला, हे वेगळे करण्याची एक साधी रीत आहे. ताज्या सालीच्या घटांपैकी एकाचा जुना द्रव टिपकागदाने काढून, ग्लायकॉलने आतून धुऊन, ताज्या द्रावणाचे दोन-तीन थेंब सोडले आणि त्याच उन्हात प्रवाह पुन्हा मोजला. प्रवाह कित्येक पटींनी वर आला. रंग फिका पडून प्रवाह गेला असता तर द्रव बदलून तो परत येता ना. परीक्षकांचे उभ्या उभ्या केलेले निदान येथे गळून पडले, पूर्णपणे नव्हे, कारण मेमध्ये दिवसभर गच्चीवर ठेवलेल्या घटाच्या उघड्या कोपऱ्यात रंग खरोखरच विटला होता. तेथे टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील प्रकाश शोषून स्वतःच रंगाचे ऑक्सिडीकरण करते. भिंतीच्या रंगाची पांढरी भुकटी होऊन हाताला लागते त्यामागेही अशीच प्रक्रिया असते. समोरच्या बाजूला अतिनील अडवणारी फिल्म लावली तर ही हानी बरीच टळते. पण ही हानी एका कोपऱ्यापुरती होती आणि द्रवाची हानी सगळ्या घटांना व्यापून होती.

वाहक काचेची तपासणी आम्ही लवकर उरकली. फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडची ही काच ४५० अंश सेल्सिअसला भाजल्यावरही वाहकता टिकवते. इंडियम-टिन ऑक्साइडची काच त्या तापमानाला बिघडते. आमची काच योग्य होती, रोध वाजवी होता, आणि थराच्या बाजूने चुकून उलटी काच वापरण्याची नेहमीची चूकही झालेली नव्हती.

तपासणी चालू असताना एका शिक्षकांनी वेगळाच प्रश्न मांडला: एवढे सगळे करून अर्धा टक्का मिळणार असेल, तर छपरावर वीस-बावीस टक्क्यांचे सिलिकॉनचे पॅनेल लावून मोकळे का होऊ नये? छपरासाठी त्यांचे म्हणणे निर्विवाद आहे, आणि कोकमाने घरातले पंखे फिरतील असे कोणी सांगू लागला तर त्याला थांबवावे. रंगसंवेदित घटाची जागा वेगळी आहे. मंद आणि विखुरलेल्या प्रकाशात सिलिकॉन फार खाली येते, तसा हा घट येत नाही. २०१७ मध्ये तांब्याच्या संयुगांचा इलेक्ट्रोलाइट वापरून केलेल्या अशा घटाने १००० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतक्या कृत्रिम प्रकाशात २८.९ टक्के कार्यक्षमता दाखवली. काच रंगीत आणि अर्धपारदर्शक ठेवता येते, म्हणून लोझानच्या स्विसटेक अधिवेशन केंद्राच्या दर्शनी भागात २०१४ मध्ये अशा घटांची काच बसवली गेली. खिडकी, व्हरांडा, ग्रंथालयातले टेबल, एवढ्या टापूत या घटाचा विचार करावा.

छिद्राने सगळेच आत घेऊ नये यासाठी काहींनी छिद्रच बदलून पाहिले आहे. बर्न विद्यापीठातील जिऑन काल्झाफेरी यांच्या गटाने झिओलाइट-एल या खनिजासारख्या पदार्थाच्या समांतर नळ्यांत रंगाचे रेणू ओळीने बसवले. या नळ्यांचे तोंड सुमारे ०.७१ नॅनोमीटर रुंद असते. त्यातून रंगाचा सडपातळ रेणू कसाबसा आत जातो, दोन रेणू एकमेकांवर चढू शकत नाहीत, आणि तोंडाशी बुचासारखा एक मोठा रेणू बसवला की आतला रंग बाहेर येत नाही व बाहेरचे पाणी आत जात नाही. एका रेणूने शोषलेली ऊर्जा शेजाऱ्याला, त्याने पुढच्याला, अशी ती टोकापर्यंत पोहोचवता येते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरातली छिद्रे याच्या दहा-वीसपट रुंद असतात. त्यांच्यापाशी रेणूंची निवड होत नाही. झिओलाइट विद्युतवाहक नसल्यामुळे तो प्रकाश गोळा करण्यापुरताच उपयोगी पडतो आणि वीज वेगळ्या घटात करावी लागते, ही त्याची मर्यादा. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत हे करता येणार नाही, पण आमच्या प्रकरणातला दोष कोठे आहे हे विद्यार्थ्यांना पटवायला या तुलनेचा फार उपयोग झाला.

अहवालात विभागाला पुढील बदल सुचवले. अर्क फक्त ताज्या किंवा गोठवून ठेवलेल्या सालीचा, इथेनॉलमध्ये, आगळ आणि उन्हात वाळवलेली आमसुले वर्ज्य. कारण आमसुलांत वाळताना बराचसा अँथोसायनिन काळवंडून गेलेला असतो. शक्य झाल्यास अर्क सी-१८ भरणाच्या नळीतून गाळावा: साखर आणि आम्ल पाण्याबरोबर निघून जातात, रंग भरणात अडकतो आणि मग तो आम्लयुक्त अल्कोहोलने सोडवून घेता येतो. रंगवलेली पट्टी आधी पाण्याने, मग इथेनॉलने धुऊन वाळवावी. सांध्यासाठी गोंदाऐवजी उष्णतेने वितळून दोन्ही काचांना धरणारी प्लॅस्टिकची पातळ चौकट वापरावी आणि धातूची कोणतीही पट्टी द्रवापासून दूर ठेवावी. मंद प्रकाशात वापरायचे असेल, तर सच्छिद्र थराखाली टायटॅनियम डायऑक्साइडचा एक सलग, अगदी पातळ थर द्यावा. एरवी काचेवरून इलेक्ट्रॉन परस्पर द्रवात गळतात, आणि जेथे मुळात प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये आहे तेथे ही गळती उन्हातल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवते.

एलईडीचा हट्ट सोडावा, असेही सुचवले. १००० लक्सच्या प्रकाशातून चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.३ मिलिवॅट पडतात. त्याचा अर्धा टक्का म्हणजे दीड मायक्रोवॅट. चार-चार चौरस सेंटिमीटरच्या पाच घटांतून तीसेक मायक्रोवॅट मिळतील, आणि द्रवस्फटिकी पडद्याचे लहान गणकयंत्र तेवढ्यावर चालते. विद्यार्थ्यांना ही सूचना पहिल्यांदा रुचली नाही, कारण प्रदर्शनात पेटलेला दिवा लोकांना दुरून दिसतो आणि गणकयंत्रावरचा आकडा दिसत नाही. गटातल्या मुलीचा आक्षेप मात्र वेगळा होता आणि तो विचारात घेण्याजोगा होता: गणकयंत्र चालले तरी ते कोकमाने चालले की द्रवाने, हे कसे सांगणार? म्हणून पुढच्या तुकडीने प्रत्येक कोकमाच्या घटाबरोबर एक न रंगवलेला पांढरा घट आणि एक एन-७१९ या रुथेनियमच्या रंगाचा घट बनवावा, तिघांना एकच द्रव आणि एकच सांधा असावा, आणि तिघांचा लघुमंडल प्रवाह दर आठवड्याला ग्रंथालयातल्या त्याच टेबलावर, त्याच नळीदिव्याखाली मोजावा, असे ठरले. तिन्ही एकत्र उतरले तर दोष सांध्यात आहे आणि फक्त कोकमाचा उतरला तर रंगात, एवढे तरी त्यातून वेगळे होईल. रुथेनियमचा रंग महाग असल्यामुळे त्याची खरेदी विभागाच्या वार्षिक यादीत घालावी लागली. ताजी साल सत्तरीहून मेमध्ये येईल आणि ती महाविद्यालयाच्या शीतकपाटात ठेवण्याची परवानगी प्राचार्यांनी दिली आहे.